कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी : हिवतापाची औषधे, प्रतिजैविके आणि मूत्रपिंड

भूतानच्या डोंगरपायथ्याशी पसरलेल्या डुआर्सच्या चहामळ्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी एका आजाराची विलक्षण धास्ती होती. महिनोन्‌महिने हिवतापाने खंगलेला माणूस अधूनमधून क्विनीन घेत दिवस काढत असे. एके दिवशी त्याला हुडहुडी भरे, कंबरेत असह्य कळा येत आणि काही तासांत लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा, पुढे जवळजवळ काळा होई. अंगावर कावीळ चढे. यानंतर लघवी कमी होऊ लागली आणि मग थांबलीच, तर मळ्यातला डॉक्टर काय ते समजून जाई. ब्लॅकवॉटर फीवर, अर्थात काळ्या लघवीचा ताप, या नावाने हा आजार वैद्यकाच्या ग्रंथांत नोंदला गेला. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो युरोपियनांचा कर्दनकाळ ठरला होता. डुआर्समध्ये तो मळ्यांच्या साहेबांना होई आणि दूरवरून आणलेल्या मजुरांनाही.

१९०७च्या सुमारास एस. आर. ख्रिस्टोफर्स आणि सी. ए. बेंटली या दोघा संशोधकांना या भागात पाठवण्यात आले. काळ्या लघवीच्या तापावरील त्यांचा अहवाल १९०८ साली हिंदुस्थान सरकारच्या वैज्ञानिक ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. क्विनीन हे एकटे कारण नाही, हिवतापाने वारंवार पोखरलेल्या शरीरावर एखादा धक्का बसला की तांबड्या पेशी धडाधड फुटतात आणि हा धक्का बहुधा क्विनीनचा असतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मजुरांचे तांडे मोठ्या संख्येने एकत्र आणून, अर्धपोटी अवस्थेत, अनोळखी रोगट प्रदेशात वसवले की हिवताप कसा उग्र रूप धारण करतो, हा मुद्दाही याच दोघांनी १९०९ च्या मुंबईतील वैद्यकीय परिषदेत मांडला. मूत्रपिंडाच्या आजाराचे मूळ मजूरभरतीच्या पद्धतीत शोधणारी ती मांडणी आजही वाचण्यासारखी आहे, परंतु तो वेगळा विषय.

औषध आणि रोग यांच्या एकत्रित माऱ्याखाली मूत्रपिंड कसे कोसळते, हा प्रश्न इथे प्रथम ठळकपणे उभा राहिला. आज प्रयोगशाळांतून उंदरांना हिवतापाचे औषध आणि प्रतिजैविक एकाच वेळी देऊन त्यांच्या रक्तातील युरिया व क्रिएटिनिन मोजले जाते, त्या प्रयोगांची पूर्वपीठिका सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या काळ्या लघवीत आहे.

क्विनीन भारतात तोवर घरोघरी पोहोचले होते. क्लेमंट्स मार्कहॅम यांनी दक्षिण अमेरिकेतून मिळवलेली सिंकोनाची रोपे १८६०-६१च्या सुमारास निलगिरीत लावली गेली. पुढे दार्जिलिंगजवळ मंगपू येथे मळे आणि कारखाना उभा राहिला. १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून क्विनीनच्या स्वस्त पुड्या विकल्या जाऊ लागल्या. मराठी मुलखात त्याला ‘कोयनेल’ म्हणत आणि त्याचा कडूपणा म्हणीसारखा झाला होता. पुडी स्वस्त असली तरी पूर्ण मात्रा घेण्याची शिस्त पुडीबरोबर मिळत नव्हती. ताप चढला की घ्यायची, उतरला की सोडायची. काळ्या लघवीचा ताप अशा तुटक सेवनाशी जोडला गेला तो याच निरीक्षणामुळे.

जगप्रसिद्ध जीवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांनी मात्र पूर्व आफ्रिकेतील अनुभवावरून १८९८ मध्ये ठाम भूमिका घेतली, की ही सरळसरळ क्विनीनची विषबाधा होय. त्याआधी सिसिलीतील तोमासेल्ली यांनीही क्विनीनकडे बोट दाखवले होते. विरोधकांचा प्रतिप्रश्न साधा होता. क्विनीन घेणारे लाखो आहेत, मग काळी लघवी मोजक्यांनाच का होते? दोन्ही पक्षांजवळ रुग्ण होते, पुरावा मात्र कोणाजवळच निर्णायक नव्हता. रोग, औषध आणि शरीर हे तिन्ही घटक एकाच माणसात गुंतलेले असताना त्यांना वेगळे करणे शक्य नव्हते. त्यासाठी प्रयोगाचा प्राणी हवा होता.

तो प्राणी मिळण्यास वेळ लागला. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात माणसाच्या हिवतापाचा परोपजीवी पाहिला. पुढच्या वर्षी कोलकात्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्याचे संपूर्ण चक्र त्यांनी उलगडले. तेव्हापासून पक्षी हे हिवताप संशोधनाचे वाहन झाले. १९२० च्या दशकात जर्मनीतील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत संसर्गित कॅनरी पक्ष्यांवर शेकडो रसायने तपासली गेली आणि त्यातून प्लास्मोक्विन हे पहिले कृत्रिम औषध पुढे आले. पक्ष्याने औषध पचवले म्हणून माणसाच्या तांबड्या पेशी ते पचवतीलच, असे नव्हते. प्लास्मोक्विन घेतलेल्या काही रुग्णांतही रक्तपेशी फुटून लघवी काळी झाली. याच कुळातील प्रायमाक्विनमुळे असे का घडते, ते १९५६ मध्ये अमेरिकेत कळले. जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी ही औषधे सहन करू शकत नाहीत. मुंबईच्या पारशी समाजात ही कमतरता लक्षणीय प्रमाणात आढळते. ‘मोजक्यांनाच का’ या जुन्या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा असा अर्धशतकानंतर हाती लागला.

दरम्यान कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. सिंगापूरहून आलेल्या एका माकडाच्या रक्तात अनोळखी परोपजीवी सापडला. बिराज मोहन दासगुप्ता आणि रॉबर्ट नोल्स यांनी तो आपल्याकडील ऱ्हीसस माकडांत सोडला, तेव्हा मूळ माकडात सौम्य असणारा हा हिवताप ऱ्हीससमध्ये प्राणघातक ठरला. काही माकडांच्या लघवीत रक्तद्रव्याचा गडद रंगही उतरे. पुढे नोल्स यांच्याच नावावरून या परोपजीवीचे ‘प्लास्मोडियम नोलेसी’ असे नामकरण झाले. एकच परोपजीवी एका जातीच्या माकडाला जेमतेम त्रास देतो आणि दुसरीला मारतो, हे १९३२ च्या त्या शोधनिबंधातील निरीक्षण पुढील सर्व प्राणीप्रयोगांवर टांगलेली सूचनाच होती. ती नेहमी वाचली गेली, असे म्हणता येत नाही.

क्लोरोक्विनची कथा तिचेच उदाहरण. १९३४ मध्ये हान्स आंडरझाग यांनी हे संयुग तयार केले, पण बायरमधील प्रारंभिक तपासण्यांनंतर ते माणसासाठी फार विषारी ठरवून बाजूला ठेवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी ते पुन्हा पारखले आणि युद्धानंतरची जवळजवळ तीन दशके त्याने जगाच्या हिवतापावर राज्य केले. क्विनीन मागे पडले तसा काळ्या लघवीचा तापही १९५० च्या सुमारास दुर्मीळ झाला.

१९४८ साली बेल्जियन काँगोच्या कटांगा प्रांतात इग्नास विन्के आणि मार्सेल लिप्स यांना झाडावरील रानउंदरात एक नवा हिवताप परोपजीवी सापडला, ‘प्लास्मोडियम बर्घाय’. तो प्रयोगशाळेतील साध्या पांढऱ्या उंदरांत सहज वाढे. औषधशास्त्राच्या दृष्टीने याचे मोल फार होते, कारण मूत्रपिंडाच्या विषबाधेचा अभ्यासही तोवर उंदरांवरच केंद्रित होऊ लागला होता. रोग, औषध आणि अवयव हे तिन्ही एकाच पिंजऱ्यात पाहण्याची सोय झाली. लखनौच्या छत्तर मंझिलमध्ये १९५१ साली सुरू झालेल्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत हिवतापाच्या औषधांवर जे काम झाले, त्यातही या उंदरांचा आणि ऱ्हीसस माकडांचा वाटा मोठा आहे. तिथे विकसित झालेले आर्टीथर १९९७ मध्ये भारतीय बाजारात आले.

त्याच वर्षी, म्हणजे १९४८ मध्येच, ऑरिओमायसिन हे पहिले टेट्रासायक्लिन प्रतिजैविक अमेरिकेत वापरात आले. ते मातीतील जिवाणूपासून मिळवले बेंजामिन डगर यांनी, आणि ज्या लेडर्ले प्रयोगशाळेत हे काम झाले, तिच्या संशोधन विभागाची धुरा वाहत होते आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. प्रतिजैविके जिवाणू मारण्यासाठी शोधली गेली. हिवतापाचा परोपजीवी जिवाणू नव्हे. तरीही टेट्रासायक्लिनने हिवताप हळूहळू का होईना, मागे हटतो, हे लवकरच लक्षात आले. ‘हळूहळू’ हाच त्यातला अडथळा होता. तापाने फणफणलेल्या रुग्णाला चार-पाच दिवस वाट पाहणे परवडत नाही. म्हणून कित्येक वर्षे हे निरीक्षण कोपऱ्यात पडून राहिले.

ते कोपऱ्यातून बाहेर काढले क्लोरोक्विनच्या अपयशाने. १९५० च्या दशकाअखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि कोलंबियात क्लोरोक्विनला दाद न देणारा हिवताप दिसू लागला. भारतात त्याची पहिली नोंद १९७३ मध्ये आसामातून झाली. १९६०च्या दशकारंभी पन्नास हजारांच्या घरात उतरलेली देशातील रुग्णसंख्या १९७६ मध्ये सुमारे ६४ लाखांवर गेली होती. या वाढीस डासांवरील फवारणीची ढिलाई अधिक जबाबदार असली, तरी औषधांची चिंताही खरी होती. जुन्या क्विनीनला पुन्हा बोलावणे आले, आणि त्याच्या जोडीला टेट्रासायक्लिन. क्विनीन झटकन परोपजीवींची संख्या पाडते, टेट्रासायक्लिन सावकाश उरलेल्यांचा निकाल लावते. सात दिवसांचा हा जोडउपचार आग्नेय आशियात रुळला. भारताच्या राष्ट्रीय उपचारधोरणातही क्विनीन आणि डॉक्सिसायक्लिन ही जोडी राखीव फळीत राहिली. गर्भवती आणि लहान मुलांसाठी डॉक्सिसायक्लिनऐवजी क्लिंडामायसिन.

प्रतिजैविक परोपजीवीवर चालते कसे, याचा उलगडा १९९६ नंतर झाला. परोपजीवीच्या पेशीत वनस्पतींच्या हरितकणाशी नाते सांगणारे एक छोटे अंगक असते. त्याच्या पूर्वजाने कधीकाळी एक शैवाल गिळले, त्याचा तो अवशेष. या ॲपिकोप्लास्टमधील प्रथिने घडवणारी यंत्रणा जिवाणूंसारखीच असल्याने टेट्रासायक्लिन, क्लिंडामायसिन, ॲझिथ्रोमायसिन ही औषधे तिला जखडतात. परोपजीवी लगेच मरत नाही. त्याची पुढची पिढी मोडक्या अंगकासह जन्मते आणि मरते. उशिराने येणाऱ्या परिणामाचे रहस्य हे असे.

जोडउपचाराचे तर्कशास्त्र इथवर निर्दोष वाटते. पण औषधे परोपजीवीपाशी जाऊन थांबत नाहीत. ती रक्तातून फिरतात आणि त्यांतील अनेक अखेरीस मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांपाशी पोहोचतात. माणसाच्या दोन मूत्रपिंडांत मिळून सुमारे वीस लाख गाळणी एकके असतात आणि हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा त्यांच्याकडे वळतो. गाळून खाली आलेल्या द्रवातील पाणी शरीर परत शोषून घेते, त्यामुळे रक्तात विरळ असलेले औषध नलिकेत दाट होते. शिवाय पहिल्या वळणाच्या नलिकेतील पेशी काही पदार्थ आपणहून आत ओढतात. मूत्रपिंड विषाला बळी पडते ते नेमके त्याच्या कामसूपणामुळे.

जेंटामायसिनचे उदाहरण अभ्यासकांना तोंडपाठ असते. १९६३ मध्ये जगासमोर आलेले हे प्रतिजैविक नलिकेतील पेशींच्या काठावरील मेगॅलिन या ग्राहक प्रथिनाला चिकटते, पेशीत ओढले जाते आणि लायसोसोम या पचनपिशव्यांत साठते. तिथे ते स्निग्ध फॉस्फोलिपिडांचे पचन रोखते. न पचलेले थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक साचतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही वर्तुळे स्पष्ट दिसतात. पिशव्या फुगतात, फुटतात आणि पेशी मरते.

आता क्लोरोक्विन पाहू. तेही लायसोसोममध्येच साठते. तिथल्या आम्लात शिरले की त्यावर विद्युतभार चढतो आणि ते बाहेर पडू शकत नाही. तेही फॉस्फोलिपिडांचे पचन बिघडवते आणि दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांच्या मूत्रपिंडात असेच पापुद्रे आढळले आहेत. ते फॅब्री या आनुवंशिक रोगाशी इतके मिळतेजुळते असतात की निदान चुकू शकते. दोन वेगळ्या कुळांतील, वेगळ्या शत्रूंसाठी घडवलेली औषधे एकाच पेशीच्या एकाच पिशवीत जाऊन बसतात. हिवतापाचे औषध आणि प्रतिजैविक एकत्र दिल्यास मूत्रपिंडाचे काय होते, हा प्रश्न उंदरांवर तपासण्यामागे असे ठोस कारण आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील प्रयोगशाळांनी क्लोरोक्विन दिलेल्या उंदरांच्या लघवीतून सोडियम अधिक प्रमाणात वाहून जात असल्याचेही दाखवले होते. म्हणजे पेशी मरण्याआधीच मूत्रपिंडाच्या कारभारात फरक पडू लागतो.

अशा प्रयोगाची मांडणी ठरीव असते. फिलाडेल्फियातील विस्टार संस्थेचे नाव मिरवणारे पांढरे उंदीर, बहुधा नर, चार गटांत विभागतात. एका गटाला नुसते पाणी किंवा मीठपाणी, दुसऱ्याला हिवतापाचे औषध, तिसऱ्याला प्रतिजैविक, चौथ्याला दोन्ही. ठरलेल्या दिवसांनंतर रक्त घेतात, मूत्रपिंड काढून त्याच्या पातळ चकत्या रंगवून पाहतात. चौथ्या गटातील हानी दुसऱ्या व तिसऱ्या गटांच्या बेरजेइतकी आहे, तिच्याहून अधिक आहे की कमी, यावर निष्कर्ष अवलंबून.

वाचायला हे सोपे आहे. खाचा मोजमापात आहेत. क्रिएटिनिन हे मूत्रपिंडाचे सर्वात परिचित मापक, पण गाळण्याची निम्मी क्षमता गेल्यावर कुठे ते ठळकपणे वाढते. उलट पायरिमेथामाइन हे हिवतापाचे औषध आणि ट्रायमेथोप्रिम हे प्रतिजैविक नलिकेतून क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची वाटच अडवतात. रक्तातील आकडा वाढतो, मूत्रपिंडाला मात्र ओरखडाही उठलेला नसतो. युरियाचेही तसेच. टेट्रासायक्लिन शरीरातील प्रथिनांची घडण मंदावते, त्यामुळे युरिया अधिक तयार होतो आणि मूत्रपिंड दुबळे असल्यास रक्तात साचतो. डॉक्सिसायक्लिन मोठ्या अंशी आतड्यांवाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी टेट्रासायक्लिन टाळून तेच निवडण्याची प्रथा पडली. केवळ आकड्यावर विसंबून एखाद्या जोडीला ‘मूत्रपिंडघातक’ ठरवणारा निबंध म्हणूनच सावधपणे वाचावा लागतो. २००८ मध्ये अमेरिका आणि युरोपातील औषध नियामकांनी उंदरांतील चाचण्यांसाठी लघवीतील सात नव्या खुणांना मान्यता दिली. नलिकेची पेशी जखमी होताच लघवीत उतरणारे किम-१ हे प्रथिन त्यांपैकी एक. क्रिएटिनिनवर भागवणारे प्रयोग त्यानंतरही थांबले नाहीत, कारण ती चाचणी स्वस्त आहे.

मात्रेचा प्रश्न आणखी अवघड. जेंटामायसिनने उंदराचे मूत्रपिंड बिघडवायचे तर दर किलो वजनामागे दिवसाला ८० ते १०० मिलिग्रॅम देण्याचा प्रघात आहे. माणसाची नेहमीची मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास असते. लहान प्राण्याचे शरीर औषध वेगाने खर्च करते हे धरून उंदराच्या मात्रेला साधारण सहाने भागतात. ८० चे १३ झाले, तरी ते माणसाच्या मात्रेच्या अडीचपट भरते. त्यात उंदराच्या नलिका झपाट्याने नव्या पेशी उगवतात, काही वेळा औषध चालू असतानाच.

जातीजातीतला हा फरक किती टोकाला जाऊ शकतो, याचा एक प्रसंग औषधशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १९७० च्या दशकात जेंटामायसिनसारख्या औषधाबरोबर सेफॅलोथिन हे दुसरे प्रतिजैविक दिलेल्या रुग्णांत मूत्रपिंड बिघडण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. तीच जोडी उंदरांना दिली, तर सेफॅलोथिनने मूत्रपिंडाचे संरक्षण केले! माणसात घातक, उंदरात तारक. दोन्ही निरीक्षणे काळजीपूर्वक केलेली होती. भारतीय वाचकाला याहून जवळचा दाखला गिधाडांचा. डायक्लोफिनॅक गुरांनी वर्षानुवर्षे पचवले, पण त्या गुरांची कलेवरे खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे त्याच औषधाने काही दिवसांत निकामी केली. हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या निर्मितीवर भारतात बंदी आली. तोवर आकाश रिकामे झाले होते.

उंदीर निरुपयोगी, असा याचा अर्थ कोणी काढू नये. टेट्रासायक्लिनच्या जुन्या, मुदत उलटलेल्या गोळ्या खाल्लेल्या रुग्णांच्या लघवीतून साखर, अमिनो आम्ले आणि फॉस्फेट वाहू लागल्याचे १९६३ मध्ये वृत्त आले, तेव्हा दोष गोळी कुजून बनलेल्या पदार्थाचा आहे की मूळ औषधाचा, हे ठरवता आले ते जनावरांवरील प्रयोगांमुळेच. दोष कुजलेल्या पदार्थाचा निघाला आणि औषधाची जडणघडण सुधारता आली. रोग, औषध आणि शरीर यांना वेगळे करण्याचे जे काम डुआर्समध्ये अशक्य होते, ते इथे वर्षभरात झाले.

रुग्णालयातील वास्तव मात्र पिंजऱ्याइतके नेटके नसते. तीव्र हिवतापात परोपजीवींनी भरलेल्या तांबड्या पेशी मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, फुटलेल्या पेशींचे हिमोग्लोबिन नलिकांत उतरते, रक्तदाब घसरतो. मूत्रपिंड औषधाआधीच अडचणीत असते. त्यातच अशा रुग्णांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, रक्तात जिवाणूही शिरलेले असू शकतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटना तीव्र हिवतापाच्या मुलांना प्रतिजैविक देण्याची शिफारस करते. जेंटामायसिन स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे. ते द्यावे तर नलिकांची भीती, न द्यावे तर जिवाणूंची. या रुग्णांच्या दृष्टीने खरी सुधारणा झाली ती क्विनीनच्या जागी आर्टेसुनेटचे इंजेक्शन आल्यावर. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमारमधील १,४६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत क्विनीन गटातील २२ टक्के रुग्ण दगावले, आर्टेसुनेट गटातील १५ टक्के. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ओडिशातील राउरकेल्याचे इस्पात जनरल हॉस्पिटलही सहभागी होते.

आणि मग २०२० साल आले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये फ्रान्समधील मार्सेय येथून एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे हिवतापाचे औषध करोना विषाणूला हटवते आणि ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची जोड दिल्यास अधिकच, असा त्याचा दावा. ही जोडी मिळालेले रुग्ण होते अवघे सहा. मूळ उपचारगटातील आणखी सहा रुग्ण हिशेबातून वगळलेले होते. त्यांतील तिघांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले होते आणि एकाचा मृत्यू झाला होता.

भारतात २२ मार्चच्या तारखेची भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या कृती दलाची सूचना आली. तीत रुग्णसेवा करणाऱ्यांनी प्रतिबंधासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घ्यावे असे सांगितले होते. ३१ मार्चच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत अतिदक्षता विभागातील गंभीर रुग्णांसाठी ॲझिथ्रोमायसिनसह त्याची जोडी विचारार्थ ठेवली गेली. या औषधाच्या जागतिक उत्पादनात भारताचा वाटा मोठा. निर्यातीवर निर्बंध, मग ते अंशतः उठवणे, परदेशी राष्ट्रप्रमुखांची मागणी, हे सारे पंधरवड्यात घडले. वृत्तवाहिन्यांनी औषधाला संजीवनीचे रूप दिले. ल्यूपसचे रुग्ण मात्र औषध दुकानांतून रिकाम्या हाताने परतत होते. या आजारात हेच औषध मूत्रपिंडाचे रक्षण करते, ही त्यातली विसंगती फारशी कोणाच्या लक्षात आली नाही.

या जोडीबद्दलची सार्वजनिक काळजी हृदयापुरती राहिली. दोन्ही औषधे हृदयाच्या विद्युतचक्रातील क्यूटी अंतर लांबवतात, हे सर्वत्र छापून आले. मूत्रपिंड त्याच साखळीतला आधीचा दुवा होता. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन शरीरात आठवडेच्या आठवडे टिकते आणि त्याचा एक भाग मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. करोनाच्या गंभीर रुग्णांची मूत्रपिंडे बिघडत होतीच. बाहेर पडण्याची वाट अरुंद झाली की औषध रक्तात साचते आणि हृदयावरील धोका वाढतो. ही जोडी ज्यांच्यासाठी सुचवलेली होती, नेमके तेच रुग्ण या कोंडीत सापडण्याची शक्यता सर्वाधिक होती.

प्राण्यांनी इथे दिलेले उत्तर निःसंदिग्ध होते, फक्त ते उशिरा विचारले गेले. सायनोमोल्गस माकडांवरील फ्रेंच संशोधकांचे प्रयोग जुलै २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आले. औषध संसर्गाआधी दिले, नंतर दिले, ॲझिथ्रोमायसिनसह दिले, तरी विषाणू कमी झाला नाही. त्याच महिन्यात ब्राझीलमधील ६६७ रुग्णांच्या चाचणीतही एकट्या औषधाने किंवा जोडीने लाभ दिसला नाही. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जूनमध्येच हायड्रॉक्सीक्लोरोक्विन थांबवले होते. तिच्यात औषध मिळालेल्या १,५६१ रुग्णांपैकी २७ टक्के अठ्ठावीस दिवसांत दगावले, न मिळालेल्या ३,१५५ पैकी २५ टक्के.

मार्सेयचा तो निबंध डिसेंबर २०२४ मध्ये, प्रसिद्धीनंतर पावणेपाच वर्षांनी, नियतकालिकाने मागे घेतला.